फ्लेक्स थांबवा काकू, आधी त्याला विचारा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात राहते. आमच्या गल्लीतला एक मुलगा एका सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. मुलगाच म्हणते, कारण तो माझ्या वर्गात शिकला. आता चाळिशीचा आहे. एका रस्त्याच्या कामात डांबराचा थर कागदावर एक आणि जागेवर दुसराच, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं बिलावर सही केली नाही. वरिष्ठांना लेखी दिलं. काही झालं नाही, तेव्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेला. सप्टेंबरात त्याची गडचिरोली जिल्ह्यात बदली झाली आणि मागोमाग विभागीय चौकशी लागली. आरोप काय, तर वरिष्ठांचा आदेश मानला नाही. बायको आणि दहावीतली मुलगी इथंच आहेत. रात्रीबेरात्री फोन येतात म्हणे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्याचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, चौकात फ्लेक्स. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत केला तर आमदारही येतील, पेपरवालेही येतील. मी आनंदानं त्याच्या बायकोला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "नको बाप्पा काकू, अजून काय काय भोगायचं आम्ही?" मंडळातले एक जण म्हणतात, "त्यानं काहून मधात पडाचं होतं? आता आपण काहून पडाचं?" ती संकोचानं नाही म्हणते की खरंच? आणि सत्कार करायचा नाही, तर त्याचा मान ठेवायचा तरी कसा?

उत्तर

काकू, नमस्कार.

ती संकोचानं बोललेली नाही. तिचं "नको" खरंच नको आहे आणि ते शहाणपणाचं आहे. फ्लेक्स छापायला दिला असेल तर आजच फोन करून थांबवा.

तुमच्या मंडळातल्या निवृत्त सरकारी मंडळींना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आठवत असतील. शासनाची परवानगी आधी घेतल्याशिवाय सरकारी कर्मचाऱ्यानं मानपत्र स्वीकारू नये, स्वतःच्या सन्मानासाठी भरवलेल्या सभेला जाऊ नये, असं त्यात आहे. बदलीच्या किंवा निवृत्तीच्या वेळचा घरगुती निरोप समारंभ तेवढा चालतो. आता विचार करा. आज त्याच्यावर आदेश न मानल्याचा आरोप आहे. तो त्याला खोडून काढता येईल, कारण खोट्या मोजमापावर सही करायला कोणताही वरिष्ठ भाग पाडू शकत नाही. पण तुमच्या हातून मानपत्र घेतल्याचा आरोप खोडता येणार नाही. तो खरा असेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटोसकट छापून आलेला असेल. त्यात व्यासपीठावर आमदार बसलेले असले, तर "हा राजकारण करतो" हेही चौकशीच्या फाइलला लागेल. भाषणाच्या भरात कोणी कंत्राटदाराला चोर म्हणालं, तर मानहानीची नोटीस मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी येईल आणि मूळ रस्ता बाजूलाच राहील.

दुसरं कारण नावाचं. सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा स्थापत्य अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातले गैरप्रकार त्यानं २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्रानं कळवले आणि आपलं नाव गुप्त ठेवावं, अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. सीबीआयनं तपासाअंती ती लूटमार ठरवली, २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. पण गुप्त ठेवायला सांगितलेलं नाव फुटलं कसं, याचा जाब देशानं तेव्हा मागितला. त्या संतापातून एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारनं ठराव काढला, आणि माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून तक्रार घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे आलं. हा ठराव केंद्र सरकार आणि त्याच्या संस्थांमधल्या गैरप्रकारांपुरता. तुमचा मुलगा राज्याच्या नोकरीत आहे. त्याला आधार देऊ शकला असता तो जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघडकीला आणणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेनं २०१४ साली मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचनाच निघाली नाही. इतकी वर्षं एक मंजूर कायदा कपाटात पडून आहे, याचा मला मनापासून राग येतो. जागल्यांचा गौरव सरकारला करायचाच असेल तर पुरस्कार राहू द्या, ती अधिसूचना काढा.

तेव्हा चौकात त्याचा फोटो लावण्याआधी त्याला विचारायला हवं होतं. तुम्ही त्याच्या बायकोला विचारलंत, हे तरी बरं झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि तोच मोठा आहे. मान ठेवायचा तर कसा?

एक जुनी गोष्ट सांगते, अमेरिकेची आहे, पण तिच्यात तुमच्या मंडळाला लागेल ते सगळं आहे. १७७७ साली तिथल्या नव्या नौदलातल्या काही खलाशांनी आणि अधिकाऱ्यांनी आपल्याच प्रमुखाविरुद्ध, ईसेक हॉपकिन्स त्याचं नाव, काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, तक्रार केली. हॉपकिन्सची नोकरी गेली. मग त्यानं तक्रारदारांपैकी सॅम्युएल शॉ आणि रिचर्ड मार्व्हेन या दोघांवर बदनामीचा खटला भरला आणि ते तुरुंगात पडले. ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसनं ठराव केला: सरकारी सेवेतल्या कोणालाही गैरप्रकार दिसला तर तो लवकरात लवकर कळवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. आणि नुसता ठराव करून थांबली नाही. त्या दोघांच्या बचावाचा खर्च उचलायचं ठरवलं, आणि हॉपकिन्सविषयीची सरकारी कागदपत्रं त्यांना मिळतील अशी सोय केली. दोघे निर्दोष सुटले. पुढच्या वर्षी १,४१८ डॉलरचं बिल सरकारनं भरलं. आज ३० जुलै हा तिथं जागल्यांच्या सन्मानाचा दिवस मानतात. त्या सन्मानात शाल नव्हती. वकिलाची फी होती आणि उघडे केलेले कागद होते.

मला वाटतं, खरा मान या दोनच गोष्टींत आहे. त्याची लढाई त्याला एकट्याला लढू न देणं, आणि त्यानं विचारलेला प्रश्न मरू न देणं.

कागदांपासून सुरुवात करू, कारण ते तुम्ही उद्यासुद्धा करू शकता. त्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका, काम चालू असताना निघणारी रनिंग बिलं, डांबराच्या चाचण्यांचे अहवाल, कामाचा आदेश, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून वेगवेगळे अर्ज करा. बिलांसाठी एक, चाचण्यांसाठी एक, असं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. पुढे दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. "चौकशी सुरू आहे, देता येत नाही," असं उत्तर बहुतेक येईलच. नुसतं तेवढं कारण चालत नाही. माहिती दिल्यानं चौकशीत अडथळा कसा येईल, हे त्यांना दाखवावं लागतं. अपिलात हे नेमकं लिहा. आणि फार लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट: या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे. म्हणजे डांबराचा थर किती, हे तुम्ही स्वतः विचारू शकता.

पण हे कागद त्याच्याकडून घेऊ नका. त्याच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येता कामा नये. कार्यालयाचे कागद बाहेर दिले, हा आरोप अशा माणसांवर सगळ्यात आधी लावतात. तुम्ही सरळ दारानं मागा आणि सरळ दारानं मिळवा.

अर्जावर सह्या कोणाच्या? ज्यांची नोकरी संपली आहे आणि पेन्शन सुरू आहे, त्यांच्या. एका नावाला बदली करता येते. पंधरा ज्येष्ठ नागरिकांची बदली कुठे करणार? तुमच्या मंडळाकडे जी ताकद आहे ती हीच, आणि ती शालीवर खर्च होत होती म्हणून मला हळहळ वाटली. यात आणखी एक न्याय आहे. त्याची तक्रार खरी आहे असं आपल्याला वाटतं, कारण मुलगा चांगला आहे. पण खरं-खोटं कागदांवरून आणि रस्त्यावरून ठरलं पाहिजे, स्वभावावरून नाही. त्याचे आकडे कुठे चुकले असतील तर तेही कळेल. तुमच्यापैकी कोणी काम चालू असताना तिथून रोज जात असेल, कोणाकडे तारखेसकट फोटो असतील, तर त्यांनी स्वतःच्या नावानं स्वतंत्र तक्रार द्यावी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

हे विदर्भात याआधी झालेलं आहे. २०१२ साली जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहाराविषयी मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्रं लिहिली. गोसीखुर्दचा धरण प्रकल्प आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा म्हणून मंजूर झालेला प्रकल्प पुढे हजारो कोटींवर गेला आणि शेतकरी पाण्याची वाट पाहत राहिला. पांढऱ्यांचं पत्र तेवढंच राहिलं असतं तर कदाचित धूळ खात पडलं असतं. पण नागपूरच्या जनमंच या संस्थेनं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली, आणि तो विषय एका अधिकाऱ्याचा न राहता लोकांचा झाला. मंजुनाथ षण्मुगम हा इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी. भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर त्यानं कारवाई केली, म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये लखीमपूर खिरीत त्याला मारलं. तो आयआयएम लखनौचा विद्यार्थी. तिथले माजी विद्यार्थी एकत्र आले, त्याच्या नावानं ट्रस्ट काढला आणि खटल्याची पाठ सोडली नाही. २००७ मध्ये शिक्षा झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. आपल्याकडे मनमाडजवळ जानेवारी २०११ मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं, तेव्हा राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. तो संताप खरा होता. पण इतकी माणसं एखाद्याच्या पाठीशी तो जिवंत असताना उभी राहिली तर काय होईल, हे आपण फारसं करून पाहिलेलं नाही. तुमचा मुलगा जिवंत आहे, नोकरीत आहे, दोन-चार तासांच्या अंतरावर आहे. वेळ गेलेली नाही.

बदलीचं म्हणाल, तर तिथं त्याची बाजू बरीच मजबूत दिसते. राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदा सांगतो की बदल्या साधारणपणे एप्रिल-मेमध्ये व्हाव्यात आणि एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षं मिळावीत. मधेच बदली करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ही बदली सप्टेंबरातली आहे. कारण काय नोंदवलं, मान्यता कोणाची, हे त्यानं मागावं आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात, आपण ज्याला मॅट म्हणतो तिथं, अर्ज करावा. तिकडे जॉइन झाला असला तरी अर्ज करता येतो. मुदत आदेशापासून एक वर्षाची असते, पण बदलीच्या प्रकरणात जितका उशीर तितकं नुकसान. विभागीय चौकशीतही एकट्यानं उभं राहावं लागत नाही, सहकाऱ्याची मदत घेण्याची मुभा असते. मात्र खात्यातला कोण तयार होतो, हा प्रश्न आहे. तक्रार केलेल्या माणसाबरोबर टपरीवर चहा घ्यायलाही लोक घाबरतात.

(आणि गडचिरोली ही शिक्षेची जागा का समजायची, हे मला कधीच पटलेलं नाही. तिथल्या माणसांना चांगला अभियंता नको आहे का? नको असलेली माणसं तिकडे पाठवायची, या सवयीनं आपण त्या जिल्ह्याचा किती अपमान करतो! पण म्हणून या मुलानं तिथं गप्प बसावं, असं नाही.)

पैशाच्या बाबतीत सांभाळून. तुम्ही उत्साहानं वर्गणी काढाल आणि पाकीट त्याच्या हातात द्याल. ते करू नका. भेटी स्वीकारण्यावरही वर्तणूक नियमांत बंधनं आहेत. त्याच्या अभियंता संघटनेनं वकील द्यावा, हा सरळ मार्ग. तुमच्या मंडळातले कोणी वकील असतील, किंवा कोणाचा मुलगा हायकोर्टात काम करत असेल, तर त्यांनी फी न घेता मॅटचा अर्ज बघावा. वर्गणी जमवाच, पण ती मंडळाच्या स्वतःच्या अर्जांसाठी, अपिलांसाठी आणि वेळ आली तर याचिकेसाठी ठेवा.

रात्रीचे फोन हलक्यानं घेऊ नका. तारीख, वेळ, नंबर, काय बोलले, हे त्याच्या बायकोनं वहीत लिहून ठेवावं आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, पोच घेऊन. तोंडी सांगून परत येऊ नये. त्या लाचलुचपतीच्या प्रकरणात तो साक्षीदार असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली संरक्षण मागता येतं. अशी योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. ठाण्यात जाताना तिच्यासोबत तुमच्यापैकी दोघी-तिघी जा. पांढऱ्या केसांच्या तीन बायका समोर बसल्या की पोच मिळायला उशीर होत नाही.

आमदारांना बोलवायचंच आहे ना? हारासाठी बोलवू नका, त्यांच्याकडे काम घेऊन जा. अधिवेशन इथं, आपल्या विधानभवनात होतं, ही नागपूरकरांची मोठी सोय आहे आणि आपण ती मोर्चे बघण्यात घालवतो. त्या रस्त्याच्या कामाच्या दर्जाविषयी सभागृहात प्रश्न विचारा, असं त्यांना लेखी द्या. प्रश्न बरेच दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून या अधिवेशनात जमलं नाही तर पुढच्यासाठी द्या. त्यात या मुलाचं नाव नको. रस्त्याचं नाव, कामाची किंमत, चाचण्या कोणी केल्या, कधी केल्या, एवढंच. ज्या आमदारांना सत्काराला यायला वेळ आहे त्यांना हा प्रश्न द्यायला वेळ आहे का, तेही कळेल.

राहिले तुमच्या मंडळातले ते गृहस्थ, काहून मधात पडाचं म्हणणारे. त्यांच्यावर चिडू नका. बहुतेक त्यांनी आयुष्यभर कोणत्या तरी कार्यालयात हेच पाहिलं असेल, की जो बोलतो तो जातो आणि टक्केवारी चालूच राहते. भीती अनुभवातून आलेली आहे. पण ज्या रस्त्यावरून ते रोज सकाळी फिरायला जातात तो त्यांच्याच कराच्या पैशांतून झालेला आहे, आणि तो मुलगा मधे पडला तो त्यांच्याच वतीनं. माहितीचा पहिला अर्ज लिहिताना त्यांना शेजारी बसवा आणि मजकूर तपासायला सांगा. कार्यालयात आयुष्य गेलेल्या माणसाला कोणता कागद कुठल्या टेबलावर अडतो हे नेमकं ठाऊक असतं. सही नाही केली तरी चालेल.

सत्कार नंतर करता येईल. चौकशी संपू द्या, मग त्याला आणि तिला दोघांनाही विचारा. जाहीर करायचा असेल तर शासनाची परवानगी मागा. ती नाकारली तर नाकारल्याचं पत्र जपून ठेवा. चौकशीचा निकाल विरोधात गेला तरीसुद्धा विचारा. निकाल त्याच्या बाजूनं लागला तरच तो मानाचा, असं तुम्ही मनात धरलं असेल तर ते आधी काढून टाका.

येत्या रविवारी तिच्याकडे पुन्हा जा, पण मंडळ घेऊन नाही, एकट्या. सत्कार रद्द केला हे सांगा म्हणजे तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल. वकील ठरला का, ते विचारा. आणि काकू, तुम्ही शिक्षिका आहात, मुलगी दहावीला आहे, परीक्षेला थोडेच महिने उरलेत आणि वडील परगावी आहेत. तिला रोज संध्याकाळी तासभर तुमच्याकडे अभ्यासाला पाठवशील का, हेही विचारा. ती हो म्हणाली तर सोमवारपासूनच सुरू करा.